बसलेला सूर

आधी वास आला, प्रकाश नंतर. व्हॉल्व्हच्या काचेवर सहा वर्षं साठलेली धूळ सावकाश तापली आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलाभोवती एक कोरडा, जुनाट गंध पसरला. उन्हात वाळत घातलेल्या गोधडीचा असतो तसा. खिडकी उघडी होती. कार्तिकातली सकाळ, साखर कारखान्यांच्या गळिताचे पहिलेच दिवस, आणि संगमावरून येणाऱ्या ओलसर गारव्यात मळीचा आंबूस-गोड वास असा काही मिसळलेला की कराडमध्ये कुणीही डोळे मिटून महिना ओळखावा. मग काचेच्या पोटात तार लालसर झाली, तिच्याभोवती निळसर आभा थरथरली, आणि मी श्वास सोडला. आण्णांचा ट्रान्समीटर जिवंत होता.

आण्णा म्हणजे माधवनगरच्या कापड गिरणीतले इलेक्ट्रिशियन. माझे वडील त्याच गिरणीत मागावर होते, आणि आमच्या चाळीच्या शेवटच्या खोल्यांत आण्णा आणि काकू राहत. लायसन काढून हौसेखातर रेडिओवरून आकाशातून बोलणारी जी थोडी वेडी माणसं असतात, त्यांतले ते एक. विकतचा संच त्यांना परवडण्यातला नव्हता, म्हणून त्यांनी तो स्वतः घडवला: गिरणीच्या भंगारातला ॲल्युमिनियमचा पत्रा कानशीने घासून त्याचं तोंड केलं, सुताची लाकडी कांडी घेऊन तिच्यावर तांब्याची तार गुंडाळली, आणि कंपासच्या टोकाने पत्र्यावर ‘चालू’, ‘बंद’, ‘हळू फिरवा’ अशी अक्षरं कोरली. त्या संचावर, सतराव्या वर्षी, मी त्यांच्याकडे मोर्स, टिंब-रेघांची भाषा, शिकले. संध्याकाळी जायचे. ते जैन घर. दिवेलागणीपूर्वीच जेवणं आटपून ओटा लख्ख पुसलेला असे, आणि मी पाटी घेऊन बसले की काकू दारात वाती वळत बसत. ती शिकवणी नसती तर मी आज प्रयोगशाळेत नसते, हे मी सगळ्यांना सांगते. आण्णांना मात्र ते सांगायचं राहून गेलं.

माझा स्वभाव जरा विचित्र आहे. बिघडलेली वस्तू मला बघवत नाही. दुसऱ्याच्या घरी चहाला गेले तरी करकरणाऱ्या दाराकडे, वाकड्या लटकलेल्या घड्याळाकडे माझं चित्त धावत राहतं, आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत मी पंख्याची कुरकुर थांबवायला स्टुलावर चढले होते. स्वभावाला औषध नाही म्हणतात. सतराव्या वर्षीसुद्धा मी आण्णांना सुनावलं होतं की तुमच्या संचाचा सूर मधूनच बसतो असं ऐकते, तो दुरुस्त का करत नाही? इतर केंद्रांवरची मंडळी त्यांना यावरून चिडवत असत, ते माझ्या कानावर आलं होतं. आण्णा हसले होते. “करू की कवातरी,” म्हणाले होते, आणि कांडीवरची धूळ फुंकरीने उडवली होती.

त्यांच्यामागे सहा वर्षं संच काकूंच्या पलंगाखाली होता. या दिवाळीला मी माधवनगरला गेले तेव्हा काकूंनी तो चादरीत गुंडाळून माझ्या गाडीत ठेवला, आणि त्याच आठवड्यात आष्ट्याहून तात्यांचा फोन आला. तात्या सैन्यातल्या सिग्नलमधून सुभेदार होऊन परतलेले. घरचा ऊस आणि अंगणातला एरियल, एवढंच आयुष्य. आण्णा आणि ते रोज सकाळी साडेसहाला मोर्सवर भेटत. तीस वर्षं. मराठीच बोलत, इंग्रजी अक्षरांतून: पाऊस किती झाला, ऊसतोड कधी येणार, गुडघा कसा आहे. प्रत्यक्षात ते दोन-तीनदाच भेटले असतील, आणि तेव्हा म्हणे दोघांनाही काय बोलावं सुचलं नव्हतं. आता तात्यांचा मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता. डोळ्यांनी कमी दिसतं, बायको गेली, एकट्याने किती दिवस काढायचे? पौर्णिमेनंतरच्या रविवारी गाडी यायची होती, आणि पुण्याच्या इमारतीच्या गच्चीवर तार ताणायला परवानगी नव्हती.

“वायर उतरायच्या आदी एकदा आण्णांचं मशीन ऐकू द्या ताई,” तात्या म्हणाले. “मग माझं काय म्हननं न्हाई.”

मी शब्द दिला. पंधरा दिवस हाताशी होते, आणि मला ते भरपूर वाटले.

त्या पंधरा दिवसांत मी जे केलं त्याचा मला आधी फार अभिमान वाटला. गंज काढला, मेण पाघळलेले जुने कंडेन्सर बदलले, कुजलेली जोडणी नव्याने केली. कॉलेजची वीज मुळातच पक्की, त्यात वर मी उत्तम स्टॅबिलायझर जोडला. पहिल्या सकाळी माझ्या स्वतःच्या लायसनवरच्या नावखुणेने हाक दिली आणि शेजारच्या रिसीव्हरवर माझाच सूर ऐकला, तर तो ओळंब्यासारखा सरळ होता. आण्णा असते तर थक्क झाले असते, असं वाटून मी स्वतःवरच खूश झाले. तात्यांचं उत्तर आलं, शिस्तीत आणि नेमकं. नंतर फोनवर त्यांनी आधी कौतुक केलं. सूर लई सुंदर आहे म्हणाले, एवढा स्वच्छ सूर त्यांनी पलटणीतसुद्धा ऐकला नव्हता, तुमच्या हाताला यश आहे. आणि मग, मला वाईट वाटू नये अशा बेताने, हळूच म्हणाले, “पन ह्यात आण्णा न्हाईत.”

मला राग आला, हे कबूल करते. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीशी कोण झुंजणार? पण राग ओसरला तसा त्याच्या जागी एक अस्वस्थपणा आला, आणि तो मग दिवसभर, शिकवताना, जेवताना, रस्त्याने चालताना माझ्या मागे लागला. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून आष्ट्याला गेले. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, कांड्या सांडलेल्या, आणि त्या चिरडल्या गेल्यावर डांबरावर उमटलेला चिकट, गोडसर ओलेपणा. तात्यांनी पलटणीची लोखंडी पेटी पुढे ओढली. आत वह्या होत्या. सैन्याची सवय, रोजच्या संभाषणाची नोंद, आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक वेळ, आणि तिच्यापुढे एकच शब्द: ‘बसला’.

त्यांनी समजावून सांगितलं. आण्णांचा सूर सुरुवातीला सरळ असे, आणि मग अचानक, वाक्याच्या मध्येच, किंचित खाली उतरे आणि तिथेच राही. दमलेला बैल बसतो तसा, असं त्यांचं म्हणणं. सूर बसला की पाच मिनिटांत आण्णा उठणार हे ठरलेलं. म्हणून तात्या वेळ न घालवता दोन टिंबं वाजवत. मोर्सवाल्यांचा निरोप तेवढाच असतो, दोन टिंबं. आण्णाही दोन टिंबं परत देत आणि दिवस सुरू होई. उन्हाळ्यात हे लवकर होई, पावणेसातच्या सुमाराला. थंडीत जवळजवळ आठ वाजत. थंडीत आण्णांना बोलायला लई सुचायचं, असा तात्यांचा कयास होता.

मी वह्या कराडला आणल्या आणि आलेखाच्या कागदावर वेळा मांडल्या. वर्षामागून वर्ष तीच रेषा: जूनमध्ये खाली, जानेवारीत वर, पुन्हा खाली, नदीच्या वळणासारखी संथ आणि निश्चित. एवढी नियमित रेषा बघितल्यावर मला वाटलं, मी जिंकले. उघडच होतं, हे तापमान. थंडीत संच तापायला वेळ लागतो म्हणून सूर उशिरा बसतो, उन्हाळ्यात लवकर. लाकडी कांडी ओल शोषते, तार आखडते, सूर ढळतो, पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. मी स्टॅबिलायझर काढला. पहाटेच्या दवात संच गच्चीवर ठेवला. त्याच्याभोवती ओलं फडकं गुंडाळलं, एकदा खाली साठ वॅटचा दिवा लावून त्याला शेक दिला. खालच्या मजल्यावरच्या शिपायाने विचारलं की मॅडम, त्याला ताप आलाय का, आणि मी हसलेसुद्धा नाही. सूर ढळू लागला, हे खरं. रोज सकाळी मी ढळलेला सूर आष्ट्याला पाठवत होते, आणि रोज फोनवर तेच उत्तर. हे घसरतंय ताई, तात्या म्हणायचे, त्ये बसायचं. घसरणं आणि बसणं यात फरक असतो, हे त्यांना नीट कळत होतं आणि मला पदवी असून कळत नव्हतं.

रविवार चार दिवसांवर आला. मला अन्न गोड लागेना. विद्यार्थ्यांवर विनाकारण चिडले. खरं काय ते सांगते: मला तात्यांच्या इच्छेपेक्षा माझ्या हरण्याचं जास्त लागलं होतं, आणि हे लक्षात आल्यावर आणखीच लागलं. एका माणसाने आयुष्यात माझ्याकडे एवढंसं मागितलं होतं, आणि मी त्याला रोज माझी हुशारी ऐकवत होते.

आण्णांनी काही टिपणं ठेवली असतील तर पाहावं म्हणून मी गुरुवारी माधवनगरला गेले. गिरणीचा भोंगा बंद होऊन जमाना झाला. चिमणीवर पिंपळ उगवलाय आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्याची पानं तांब्याच्या पत्र्यासारखी चमकत होती. काकूंचं जेवण झालं होतं. टिपणं वगैरे काही नव्हतं. आण्णांचं सगळं डोक्यात असायचं, काकू म्हणाल्या. मी हताश होऊन आलेखाचा कागद तिथेच पसरून बसले, आणि काकूंना बरं वाटावं म्हणून, बघा तुमच्या यजमानांनी मला कसं छळलंय, अशा थट्टेच्या सुरात वेळा वाचून दाखवू लागले. जानेवारीत सात त्रेपन्न. मार्चात सात सत्तावीस. जूनच्या आरंभी सहा शेहेचाळीस.

काकूंचा वाती वळणारा हात थांबला. त्या उठल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरशी गेल्या, चष्मा कपाळावर सारून सूर्योदयाच्या बारीक आकड्यांवरून त्यांनी बोट फिरवलं.

“अगं सुनंदा,” त्या म्हणाल्या, “ही तर माझ्या च्याची येळ हाय.”

त्यांच्याकडे सूर्य उगवून दोन घटका झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंबही घालत नाहीत. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. तेवढी झाली की काकू कॅलेंडर बघून शेगडीचं बटण दाबत. विजेची, तारेच्या वेटोळ्याची, तीही आण्णांनीच केलेली. गॅस आल्यावरही सकाळचा चहा त्यांनी त्याच शेगडीवर ठेवला. ती शेगडी वीज ओढायची, घरातला विजेचा दाब उतरायचा आणि तेवढ्याने पलीकडच्या खोलीतला सूर खाली बसायचा. संच तापत नव्हता, कांडी ओल धरत नव्हती. पाच मिनिटांनी आण्णा उठत, कारण चहा झालेला असे. दिवेलागणीपूर्वी पुसलेला तो ओटा मी वर्षानुवर्षं पाहिला होता. या नियमाचं संध्याकाळचं टोक मला पाठ होतं. त्याला सकाळचंही एक टोक असणार, हे माझ्या मनात कधी आलं नाही, कारण सकाळी मी तिथे कधी नव्हतेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. आणि मी कराडच्या टेबलावर उत्तम स्टॅबिलायझर लावून बसले होते.

शनिवारी संच परत माधवनगरला आला. चाळीच्या गच्चीवर मी तार ताणली, आण्णांचं टेबल पुसलं, माळ्यावरची शेगडी काढून तपासली. आण्णा गेल्यापासून काकूंनी ती लावली नव्हती. एकटीच्या चहाला कशाला, म्हणाल्या. संचाची वायर कुठून घेतलीय ते शोधायला मी भिंतीवरून बोट फिरवत गेले आणि चक्रावले. वीज मीटर त्या टेबलाच्या अगदी डोक्यावर आहे, हात वर केला तर लागेल असा. पण आण्णांनी संचाची वायर तिथून घेतलीच नव्हती. कापडी वेष्टणाची ती बारीक वायर टेबलापासून निघून दाराच्या चौकटीवरून, दुसऱ्या खोलीच्या छताला धरून, थेट स्वयंपाकघरात गेली होती, शेगडीच्या खटक्यापर्यंत. माझा हात पक्कडीकडे गेला. मी तो मागे घेतला. उद्यापर्यंत काही बदलायचं नाही, असं स्वतःला दोनदा बजावलं.

रविवारी सकाळी साडेसहाला मी हाक दिली. तात्या तयारच होते. मागून त्यांच्या अंगणात मुलाची गाडी आली असल्याचं त्यांनी एका ओळीत कळवलं. मग मी तोडीचं विचारलं, त्यांनी सांगितलं. मी गुडघ्याचं विचारलं, त्यांनी सांगितलं. सूर सरळ होता. त्यांची उत्तरं तुटक होत चालली होती आणि मला ते कळत होतं. उन्हाची एक पट्टी उंबऱ्यावरून आत आली, टेबलाच्या पायापर्यंत सरकली, पत्र्यावरच्या ‘हळू फिरवा’वर चढली. स्वयंपाकघरात काकू भांडं घेऊन उभ्या होत्या, घड्याळाकडे बघत. त्या कधी इकडेही बघत, शाळेत परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या. साडेसातला मी पुण्याच्या थंडीबद्दल काहीतरी सांगत होते, की तिकडे स्वेटर जवळ ठेवा, आणि वाक्याच्या मधोमध, माझ्याच बोटाखाली, सूर बसला.

घसरला नाही. बसला.

मी पुढचा शब्द वाजवायच्या आत आष्ट्याहून दोन टिंबं आली. टिक, टिक. माझं वाक्य पुरं होण्याची वाट तात्यांनी पाहिली नाही. आण्णांचीही ते पाहत नसणार. कधी नव्हे ते मी वाक्य अर्धं सोडलं आणि दोन टिंबं परत दिली. काकू दोन कपबशा घेऊन आल्या, आणि दोन का आणल्या हे त्यांनाही ठाऊक नसावं तशा टेबलाशी उभ्या राहिल्या. एक माझी होती, पण त्या क्षणी ती माझी वाटली नाही.

फोन लगेचच वाजला. तात्या होते. कुठं सापडलं, एवढंच ते विचारत होते. मी फोन काकूंच्या हातात दिला. तीस वर्षांत ही दोन माणसं एकमेकांशी अक्षर बोललेली नव्हती. काकूंनी पदर सावरला, जणू समोरच कुणी आलंय, आणि आपण काही केलं नाही, रोजच्यागत शेगडी लावली, असं जरा घाबरतच सांगितलं.

“म्हंजी वैनी,” तात्या म्हणाले, “तीस वरीस सकाळी मला मशीनवरनं उठवत हुता, ते तुमी व्हय.”

काकूंनी फोन माझ्या हातात दिला. त्या आत गेल्या, आणि आतून बराच वेळ नळाचं पाणी वाहत असल्याचा आवाज येत राहिला.

दुपारपर्यंत आष्ट्यातली तार उतरली असेल. मी माधवनगरलाच थांबले, कारण ती कापडी वायर मला तशी ठेवून जाणं शक्य नव्हतं; वेष्टण बोट लावलं की भुगा होऊन गळत होतं, आणि त्या घरात काकू एकट्या राहतात. मुख्य खटका पाडून मी ती, आणि मीटरपासून शेगडीपर्यंतची तशीच बारीक वायरही, ओढून काढली. पिशवीत नवी, जाड वायर होती. ती घातली की शेगडी लावली तरी दाब उतरणार नाही आणि हा सूर पुन्हा बसणार नाही, हे मला माहीत होतं. चाळीतल्या घराघरांतली वायरिंग सुधारणारा माणूस आपल्या टेबलासाठी वीज एवढ्या लांबून, स्वयंपाकघराच्या वाटेने का आणतो? हाताशी होता तो तुकडा वापरला असेल. गिरणीत पाळी सांभाळून रात्री थकून केलेलं काम असेल. नाहीतर ‘करू की कवातरी’ म्हणताना ते जे हसले होते, त्याचा अर्थ मला सतराव्या वर्षी कळणं शक्यच नव्हतं. विचारायला आता कुणी नाही.

शेगडीपर्यंतची वायर घालून झाली. टेबलासाठी मीटर डोक्यावरच होतं. दोन हात वायर पुरली असती. मी स्टूल ओढलं आणि स्वयंपाकघराच्या बाजूने सुरुवात केली: शेगडीच्या खटक्यापासून छताला धरून, दाराच्या चौकटीवरून, आण्णांच्याच जुन्या खिळ्यांच्या खुणांवरून, टेबलापर्यंत. अख्खी दुपार गेली. काकू खाली उभ्या राहून बघत होत्या. एवढा वळसा कशाला, त्यांनी विचारलं. मी खिळे तोंडात धरले होते, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.